बदकाचा ओला मोजा

हॅम्बर्गच्या डेटलेफला कोड्यांचे हलकेफुलके खेळ म्हणजे जीव की प्राण. पडद्यावर दिसेल त्या वस्तूवर क्लिक करायचं, हाती लागेल ते खिशात घालायचं आणि काहीही कशालाही लावून बघायचं. आठवडाभर तो एका जहाजाचं भोक बुजवत बसला होता. छत्री लावून झाली, चीज लावून झालं, कप्तानाची खोटी दाढीसुद्धा लावून झाली. इंटरनेटवर उत्तर आयतं होतं, पण ते बघणं म्हणजे त्याच्या लेखी शेण खाणं.

"डेटलेफ, सिंकखालचा पाइप गळतोय," बायको हायके म्हणाली. सोमवारपासून ती रोज हेच सांगत होती.

"अगं, बघतो म्हटलं ना! इथे जहाज बुडतंय."

शनिवारी एकदाचं जहाज वाचलं. डेकवरचं बदक सारखं म्हणायचं, "माझा मोजा ओला झालाय." तो मोजाच त्या भोकाचा बोळा होता! डेटलेफनं लगेच खेळाडूंच्या फोरमवर चार ओळी खरडल्या आणि हायकेला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवल्या.

"नवशिक्यांनो, या खेळाची खरी मजा ऐकण्यात आहे. कुणी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत असेल, तर ते उगाच म्हणत नसतं. फक्त ऐकायला कान हवेत!"

"वा!" हायके म्हणाली. तिनं सिंकखालची काठोकाठ भरलेली बादली आणली आणि अलगद त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे. आता हिच्यावर क्लिक कर."