डुकराच्या सुळ्याला टिकेल अशी शिवण

रॅड स्टॅनर नेरिदाच्या दुकानात शिरला तेव्हा त्याच्या एका हातात घण होता आणि दुसऱ्या हातात मेलेल्या कुत्र्याचं चिलखत. माझं मांसाचं दुकान तिच्या दुकानाच्या बरोबर समोर आहे. मी त्या वेळी वासराची मांडी सोडवत होतो. काचेतून घण दिसला आणि मी सुरी हातात तशीच ठेवून रस्ता ओलांडला. माझा गुडघा धड नाही, त्यामुळे पोचायला उशीर झाला.

आमच्याकडे उसाच्या फडात रानडुकरं माजली आहेत. रात्रीत फडच्या फड लोळवतात. ती धरायला पोरं कुत्री घेऊन जातात, आणि डुकराच्या सुळ्यांनी कुत्र्याचं पोट फाटू नये म्हणून त्याच्या छातीला गळ्यापासून फासळ्यांपर्यंत जाड चामड्याचं चिलखत बांधतात. ही चिलखतं नेरिदा बोल्जर शिवायची. बापाकडून खोगिरांचं काम शिकलेली, नवरा नाही, पोरंबाळं नाहीत, हात मात्र दोन पुरुषांचे.

आदल्या दिवशी रॅड आणि त्याचा धाकटा भाऊ ड्यूई नदीकाठच्या फडात गेले होते. काळ्या पाठीचा एक मोठा नर त्यांच्या अंगावर आला. सार्ज नावाच्या कुत्र्याने त्याचा कान धरला. डुकराने मान खाली घालून वर हिसका दिला आणि चिलखताची मधली शिवण उभी फाटली. सार्जची आतडी उसाच्या पाल्यावर पडली. मग ते डुक्कर ड्यूईकडे वळलं आणि त्याची मांडी त्याने जांघेपासून उघडली. रॅडने स्वतःच्या पट्ट्याने पाय आवळून भावाला दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला.

मी दारात पोचलो तेव्हा रॅडने ते चिलखत नेरिदाच्या तोंडावर फेकलं होतं. वाळलेल्या रक्ताने ते कडक झालं होतं.

"हे काय शिवलंस? हे काय शिवलंस, बोल!"

नेरिदाने चिलखत उचललं आणि फाटलेली कड उजेडात धरली. त्याला हे जास्तच झोंबलं. त्याने तिला खांद्याला धरून ढकललं. तिची भुवई टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि फुटली. मग त्याने घण उचलला आणि तिच्या शिवणाच्या मशीनवर घातला. पहिल्या घावात चाक तुटून भिंतीला लागलं. दुसऱ्या घावात मशीनची मान मोडली. तो मारतच राहिला, रडत रडत मारत राहिला.

"परकर शिव याच्यावर! परकर!"

मी "रॅड, बस कर" म्हणेपर्यंत नेरिदा उठली होती. डोळ्यात रक्त उतरलेलं, तिला एकाच डोळ्याने दिसत असणार. चामडं ठोकायची लाकडी मोगरी तिने उचलली आणि त्याच्या कानावर अशी हाणली की आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. तो गुडघ्यांवर बसला. कानाची पाळी अर्धी लोंबत होती.

"आता घण खाली ठेव," ती म्हणाली. "नाहीतर दुसरा कानही घेईन."

त्याने ठेवला.

तो गेल्यावर मी तिच्या कपाळाला बर्फ लावला. पोलिसांना फोन करू का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "करीन मी. माझी मी करीन." आणि पुन्हा ते चिलखत बघत बसली.

"आल्बी, हे बघ. दोरा तुटलेला नाही. चामडं फाटलंय. टाके इतके जवळजवळ आहेत की टपालाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ झाली. माझ्या मशीनला जाड दोरा पेलत नव्हता, लांब टाका पडत नव्हता. मला माहीत होतं. चालवून घेत होते."

"म्हणून त्याने घण घालायचा?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

पुढच्या आठवड्यात वेगळंच काही घडलं. ड्यूईने दवाखान्यातून भावाला झापलं. बिछान्यात पडून काय झापलं ते मला माहीत नाही, पण रॅड कानाला पट्टी बांधून नेरिदाच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"ड्यूई म्हणतो, मोडलंस तर आणून दे. पिकअप आहे माझी. कुठून आणायचं ते सांग."

नेरिदाच्या भुवईवर टाके होते, डोळा जांभळा. अवजड मशीन, दोन माणसांशिवाय उचललं जात नाही, आणि तिच्याकडे गाडी नव्हती.

"आल्बी येणार बरोबर," ती म्हणाली. "आणि मध्ये तो बसणार."

असे आम्ही तिघं निघालो. मी मध्ये, खिशात हाडं सोडवायची सुरी. दोन्ही बाजूंनी ऊस, साखर कारखान्याचा गोड वास. रॅड म्हणाला, "तुझ्या खिशात काय टोचतंय रे?"

"सुरी आहे."

"असू दे," तो म्हणाला आणि गाडी चालवत राहिला.

ओत्तावियो ब्रुसास्कोची शेड डोंगराच्या पायथ्याशी आहे. म्हातारा एकेकाळी ऊसतोडीला आला आणि इथलाच झाला. तो जुनी मशीनं दुरुस्त करून विकतो. त्याने आमची तोंडं पाहिली, आधी तिचा डोळा, मग त्याचा कान.

"तुमचं दोघांचं लग्न झालंय का?"

"नाही!" दोघंही एकदम ओरडली.

"मग ठीक. या."

तीन मशीनं होती. पहिलं जुनं, काळं, हाताने फिरवायचं, घोड्यांचे साज शिवायचं. नेरिदाने त्याच्यावरून मायेने हात फिरवला. "बापाकडे असंच होतं. पण सुई मोडली तर मिळेल का?"

म्हातारा खरं बोलला. "मिळत नाही. मी स्वतः घासून करतो. मी मेलो की संपलं."

दुसरं नव्यासारखं, पांढरं, सपाट टेबलाचं. ओत्तावियोने मऊ चामड्याचे दोन तुकडे घालून भर्रकन शिवून दाखवले. शिवण देखणी पडली.

"हेच घे," रॅड म्हणाला. "काय चाललंय केव्हाचं."

नेरिदाने पिशवीतून स्वतःचं चामडं काढलं. गाईच्या पाठीचं, चिलखताला वापरते तेच, टणक. चार थर एकावर एक. "मऊ चामड्यावर कोणतंही मशीन नाचतं. हे शिवायचंय मला."

तिने पायाखालचं पॅडल हलकेच दाबलं. मोटर गुरगुरली, पण सुई हलेना. अजून जरा दाबलं तर सुई एकदम सुटली, टाके सैरावैरा पडले आणि चामडं तिरकं झालं.

"नीट धरायला नको का?" रॅडने पुढे वाकून चामडं दोन्ही हातांनी दाबलं. "आता चालव."

"हात काढ."

"चालव म्हणतो ना! मी आलोय ते दिवसभर..."

त्याने स्वतःचाच पाय पॅडलवर घातला. मोटर उसळली. जाड सुई त्याच्या तर्जनीच्या नखातून घुसली, बोट चामड्याला शिवलं गेलं आणि मशीन तिथेच अडकून थरथरत राहिलं. तो किंचाळला. हात ओढायला गेला तसं नख अजून फाटलं.

"ओढू नकोस!" नेरिदाने एका हाताने त्याचं मनगट टेबलावर दाबून धरलं. दुसऱ्या हाताने बाजूचं चाक उलटं, इंचाइंचाने फिरवलं. रॅडचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. सुई वर आली, हाड घासल्याचा आवाज मला ऐकू आला. रक्त पांढऱ्या रंगावरून खाली ओघळलं. तिने दोरा कापला, बोटातून खेचून काढला.

"हे नको," ती ओत्तावियोला म्हणाली.

म्हातारा फडक्याने रक्त पुसत होता. "मलाही वाटलंच होतं. मोटर जनावरासारखी आहे त्याची."

तिसरं मशीन कोपऱ्यात पोत्याखाली होतं. हिरवट, रंग उडालेला, आणि खाली टेबलाऐवजी पुढे आलेला गोल दंड, ज्याच्यावर चिलखताची वळलेली छाती चढवता येईल. त्याचा चामडं दाबून धरणारा लोखंडी पाय आणि सुई दोन्ही चामड्याबरोबर पावलं टाकत पुढे जायची, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकत नव्हते. नेरिदाने तेच चार थर घातले. पॅडलवर पायाचा नुसता अंगठा टेकवला. एक टाका. थांबलं. अजून एक. थांबलं. मशीन तिच्या श्वासाबरोबर चालत होतं. जाड मेणाचा दोरा, लांब टाका. तिने चामडं उलटं करून खालची बाजू पाहिली, मग दोन पकडींनी थर धरून फाकवायला लागली. दातओठ खाऊन ओढलं. मग एक पकड रॅडकडे टाकली.

"धड आहे त्या हाताने धर. ओढ."

तो रागाने ओढत होता, बोटातून रक्त ठिबकत होतं, आणि दोघांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. मला वाटलं आता दोघं पुन्हा एकमेकांवर जाणार. चामडं ताणलं, करकरलं, पण शिवण हलली नाही.

"हे," नेरिदा म्हणाली.

त्या मशीनवर तिने पहिलं चिलखत टॉफीसाठी शिवलं. टॉफी म्हणजे रॅडकडे उरलेली तांबडी कुत्री. काळ्या पाठीचं ते डुक्कर अजून मोकळंच होतं, त्याने आणखी दोन फड लोळवले होते. रॅड चिलखत न्यायला आला तेव्हा नेरिदा म्हणाली, "मी येणार. माझी शिवण मला डोळ्यांनी बघायची आहे."

"तुला झेपेल का?"

"तुझ्या कानाला विचार."

सकाळी तोडणीचं यंत्र फडात शिरलं आणि आम्ही बांधावर थांबलो. मी पिकअपच्या टपावर, गुडघ्यामुळे. ऊस कमी होत गेला तसं शेवटच्या पट्ट्यातून ते काळ्या पाठीचं धूड बाहेर पडलं. एवढं मोठं डुक्कर मी दुकानात कधी टांगलेलं नाही. टॉफी सुटली आणि तिने थेट कान धरला. डुकराने मान खाली घातली आणि तसाच वर हिसका दिला. कुत्री हवेत उडाली, पाठीवर आपटली, आणि उठून पुन्हा कानाला भिडली.

रॅड मागून धावला. मागचे पाय धरून उलथवायचं आणि सुरी घालायची, ही त्याची रोजची रीत. पण शिवलेलं बोट दगा देऊन गेलं. एक पाय त्याच्या हातातून निसटला. डुक्कर कुत्रीसकट गर्रकन फिरलं आणि त्याला खाली पाडून त्याच्या छातीवर आलं. त्याने हात आडवा घातला. सुळा कोपरापासून मनगटापर्यंत गेला. रॅड "आई" म्हणून ओरडला, मोठा माणूस लहान मुलासारखा.

नेरिदा धावली नाही, चालत गेली, कारण चिखल होता आणि पाय घसरला असता तर तिचाही निकाल लागला असता. ती डुकराच्या पाठीवर गुडघा देऊन पडली, खोगीर घालताना घोड्याला दाबतात तशी, आणि पुढच्या पायामागे कमरेची सुरी मुठीपर्यंत घातली. काढली. परत घातली. तिसऱ्यांदा रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर आली. ते जनावर ओरडायचं थांबेपर्यंत ती सुरी फिरवत राहिली.

मग रॅडचा हात स्वतःच्या शर्टाने आवळून बांधला, मला "गाडी आण" म्हणून ओरडली, आणि मी येईपर्यंत टॉफीच्या छातीशी वाकून चिलखत चाचपलं. सुळ्याने चामड्यावर खोल चर पाडला होता. काही टाके कापले गेले होते. बाजूचे सगळे जागेवर होते.

"टिकली," ती म्हणाली. एवढंच.

रॅडचा हात वाचला. दवाखान्यात त्याला ड्यूईच्याच खोलीत खाट मिळाली. आम्ही भेटायला गेलो. रॅड तिला म्हणाला, "नेरिदा, माझा जीव तुझ्यामुळे आहे. मी विसरणार नाही."

"बरं," ती म्हणाली. "खाली हवालदार बसलाय. त्याला मी दुकानातलं सगळं सांगून आलेय. घण, माझी भुवई, सगळं. आल्बी साक्ष देणार आहे. मी तुझ्या कानाचंही सांगितलंय."

रॅडला कळेचना. "पण... आपण आता... तू तर मला वाचवलंस!"

"हो."

"मग हे कशाला?"

"कारण तू मला मारलंस."

त्याने ड्यूईकडे पाहिलं. ड्यूई छताकडे बघत होता.

पबमध्ये यावर महिनाभर भांडणं झाली. निम्मे म्हणत, बाई कृतघ्न आहे, त्याने मशीन आणून दिलं, बोट फोडून घेतलं, आता कसली फिर्याद? एकाने हे माझ्या तोंडावर म्हटलं, तेव्हा मी त्याला विचारलं की तुझ्या बहिणीची भुवई कोणी फोडली तर किती मशीनं घेशील. आमच्यात ग्लास फुटले, माझा एक दात गेला. म्हातारपणी हे शोभत नाही, पण झालं.

कोर्टात रॅडने गुन्हा कबूल केला. त्याला गावाची गटारं साफ करायची शिक्षा मिळाली आणि नेरिदाच्या दुकानात पाऊल टाकायला बंदी झाली. त्याने तक्रार केली नाही. कधीकधी मी त्याला फावडं घेऊन रस्त्याकडेला वाकलेला बघतो. तो मान हलवतो, मीही हलवतो.

त्याच्या नव्या कुत्र्यांची चिलखतं आता ड्यूई आणतो-नेतो. पहिल्या वेळी तो काठी टेकत आला आणि उंबरठ्यावर घुटमळला. मी समोरून बघत होतो. आत ते मशीन एक टाका, थांबा, एक टाका, असं चाललं होतं.

"मी आत येऊ का?" त्याने विचारलं.

नेरिदाने मान वर केली नाही. "ये की. तुला कोणी अडवलंय? फक्त बूट पूस, चिखल आहे."