कोणी आलंच नाही तर?

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे माझे वार. बाकीच्या वारांशी माझं काही देणंघेणं नाही. माझ्या घरातला माणूस गेला (नाव घेत नाही, गेलेल्याचं नाव आम्ही दिने लोक, अमेरिकेतले मूळ रहिवासी, घेत नाही) तेव्हापासून मंगळवार तर संपता संपत नाही. चुलीवर कॉफी ठेवते, उतरवते, पुन्हा ठेवते. मुलगी फिनिक्सला असते. रविवारी फोन करून "आई, जेवलीस का?" विचारते. मी हो म्हणते. मग दोघींनाही काही सुचत नाही आणि ती म्हणते, बरं, ठेवते. मी मात्र रिसीव्हर कानाला तसाच लावून बसते थोडा वेळ.

सरकारची एक योजना आहे. साठी ओलांडलेल्या पण हातपाय चालणाऱ्या माणसांनी आपल्याहून म्हाताऱ्या, एकट्या माणसांकडे जायचं. लाकडं आत आणून द्यायची, गोळ्या घेतल्या का बघायचं, चार गोष्टी बोलायच्या. पेट्रोल सरकारचं, वर हातखर्चाला थोडं काही. माझा आतेभाऊ हॅरिसन म्हणतो, "वा फ्रीडा, म्हातारीला म्हातारीची सोबत, आणि सरकार पगार देतंय! मलापण लाव की कोणीतरी, पण जरा देखणी बघ." त्याला मी उत्तर देत नाही. आतेभावानं चिडवायचं ही आमच्यात रीतच आहे, आणि हॅरिसन रीत पाळण्यात पक्का.

मी जाते ती झोनीकडे. झोनी मेनीगोट्स, नव्वदी पार. लाल कड्याच्या पायथ्याशी तिचं होगन, लाकूडमातीचं गोल घर, दार पूर्वेकडे. आमचं दोघींचं कूळ एकच, म्हणून ती माझी आई लागते. मी तिला शिमा म्हणते, ती मला पोरी म्हणते. सत्तरीच्या बाईला पोरी म्हणणारं आता जगात दुसरं कोणी उरलेलं नाही.

रस्ता कच्चा, खड्ड्याखड्ड्यांचा. माझ्या गाडीचा धुरळा तिला फार लांबून दिसतो. मी पोचेस्तोवर कॉफी झालेली असते. आत शिरले की म्हणते, "तू होय? मला वाटलं मेंढी चुकून आली." मग ती चातीवर लोकर कातते, मी रस्सा शिजत ठेवते, आणि दुपार कशी जाते कळत नाही. तिच्याकडून निघताना गाडी सुरू करायला मी उगाच वेळ लावते.

वसंतातल्या धुळीच्या दिवसांत लिआंड्रा एक कागद घेऊन माझ्याकडे आली. लिआंड्रा म्हणजे योजनेच्या ऑफिसातली मुलगी. गुणाची आहे, पण घाई फार.

"मावशी, सोप्पं आहे. झोनीआजीला प्रश्न वाचून दाखवायचे आणि खुणा करायच्या. वीस मिनिटांचं काम, असं सरकारच म्हणतंय."

"सरकारनं झोनीकडची कॉफी प्यायलीय का कधी? नुसतं कोण कुठल्या कुळातलं हे विचारण्यातच तासभर जातो तिचा."

पहिले प्रश्न बरे होते. वय काय, घरात नळ आहे का. मग तो आला. मी वाचला तसा सांगते. 'तुमच्याकडे येणारी व्यक्ती यायची थांबली, तर येत्या वर्षात तुमचं काय होईल?' खाली चौकोन. मला कायमचं वृद्धाश्रमात जावं लागेल. माझी तब्येत ढासळेल. मी एकटी पडेन. काही फरक पडणार नाही.

झोनीची चाती थांबली.

"हे लिहिलं कोणी?"

"वॉशिंग्टनच्या लोकांनी."

"त्यांना आया नाहीत?"

"असतील की."

"मग त्या आयांनी काही शिकवलं नाही त्यांना." ती खरंच रागावली होती. "आपल्या तोंडानं असलं बोलायचं? बोललं की बोलणं कामाला लागतं, एवढंही माहीत नाही? हात दाखवून अवलक्षण! सांग त्यांना, सगळं छान होईल म्हणावं. पाऊस पडेल, मेंढ्यांना कोकरं होतील, आणि मी इथंच असेन."

या चौकोनांत कोकरांसाठी जागा नव्हती. मी शेवटच्या चौकोनात खूण केली, काही फरक पडणार नाही. करताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडच्या बाकी म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तेच केलं. अभद्र बोलायचं नाही, हे आम्हाला बोलायला शिकण्याआधी शिकवतात.

उन्हाळ्यात चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे आमच्या वस्तीच्या सभाघरात, लिआंड्रा उभी राहिली. तोंड उतरलं होतं तिचं.

"हा फॉर्म सरकार आजमावून बघत होतं. आपल्याकडची उत्तरं बघून ते म्हणतात, इथल्या लोकांना या भेटींचा काही उपयोग दिसत नाही. शरदात हाच फॉर्म पक्का होऊन परत येणार. तेव्हाही ज्यांचं उत्तर 'काही फरक पडणार नाही' असेल, त्यांच्याकडच्या भेटी बंद."

मला माझ्याच हातातली ती पेन्सिल आठवली.

"पण," लिआंड्रा म्हणाली, "फॉर्म पक्का करण्याआधी सरकारला लोकांचं मत घ्यावंच लागतं. प्रश्न गरजेचा आहे का, समजतो का, त्यात किती वेळ जातो. दोन महिन्यांच्या आत कोणीही लिहून कळवायचं."

"कोणीही?" हॅरिसन मागून ओरडला. "सरकार आपल्याला मत विचारतंय? अरे, कोणीतरी त्या मुलीला पाणी द्या, ऊन लागलंय तिला."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता उभी राहिले. सांगायचं ठरवलं होतं की मी झोनीकडे गेले नाही, तर तिला... एवढ्यावर जीभ अडली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, मी काही बोलू नये म्हणून. कधी गप्प न बसणारा हॅरिसन आपली हॅट निरखायला लागला. मी खाली बसले.

तिचं काय होणार ते मला माहीत होतं. झोनीचा मुलगा विल्बर्ट शहरात असतो, तो फोन करतो मला. माणूस वाईट नाही. "फ्रीडाताई, तू जातेस म्हणून मी निवांत आहे. तुझं जाणं बंद झालं, तर मी गाडी घेऊन येणार आणि आईला इकडे आणणार. इथल्या आश्रमात गरम पाणी आहे, नर्स आहे. तिकडे एकटी ठेवून मला झोप लागायची नाही." त्याचं चुकतंय असं कोणत्या तोंडानं म्हणू? माझ्या स्वतःच्या पेन्शनीत गाडी तिथवर कधीमधी जाईल, आठवड्यात तीनदा नाही. आणि कधीमधीवर विल्बर्टची झोप भागायची नाही.

मत द्यायचं तर खरं सांगायला हवं. खरं सांगायचं तर झोनीच्या डोक्यावर ते शब्द ठेवायला हवेत. माझ्या आईच्या डोक्यावर. पुष्कळ मंगळवार मी याच विचारात घालवले. शेवटी एका मंगळवारी उठले आणि चॅप्टर हाउसला गेले. लिआंड्राला म्हटलं, "बस त्या कॉम्प्युटरपुढं. मी सांगते ते इंग्रजीत घाल."

आणि सांगितलं:

'तुम्ही विचारता, कोणी यायचं थांबलं तर काय होईल. आमच्यात दुसऱ्याबद्दल असं बोलत नाहीत. म्हणून आमच्या लोकांनी काही होणार नाही असं लिहिलं. ते खरं नाही, ती आमची रीत आहे. मला मात्र उत्तर द्यायचंय, म्हणून माझ्याबद्दल देते. मी जिच्याकडे जाते तिच्याकडे जायचं थांबलं, तर मी चूल पेटवणार नाही. कोणासाठी पेटवू? मी केस विंचरणार नाही. ज्या दिवशी मी जात नाही त्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. सगळे दिवस तसे झाले, तर मी दार लावून बसेन, आणि आतल्या आत संपून जाईन. तुमचा प्रश्न बदला. ती आली की काय होतं, असं विचारा. मग आमची माणसं तुम्हाला दिवसभर सांगत बसतील.'

लिआंड्राची बोटं थांबली होती.

"मावशी, हे कोणालाही वाचता येईल. मतं जाहीर असतात. आणि स्वतःबद्दल असं कशाला..."

"मग कोणाबद्दल बोलू? तुझ्याबद्दल?"

तिनं नाक पुसलं आणि टाइप केलं. घरी येताना मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत असलं काही माझ्या तोंडून गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात उभी राहून मी नेहमीपेक्षा जास्त वेळ प्रार्थना केली.

उत्तर शरदात आलं. कड्याखालची झाडं पिवळी झाली होती. लिआंड्रानं ते सभेत वाचलं. आमच्या भागातून एकच मत आलं, एका सेविकेचं. त्याबद्दल आभार. परंतु सदर प्रश्न सेविकांसाठी नसून लाभार्थींसाठी आहे, लाभार्थींनी स्वतः दिलेलं उत्तरच ग्राह्य धरलं जाईल, सबब बदल केलेला नाही. "सबब," हॅरिसन म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात दम नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी! कागद पुन्हा माझ्या हातात आला, तोच प्रश्न, तेच चौकोन.

शुक्रवारी झोनीकडे गेले तर चूल थंड. कॉफी नाही. ती दाराकडे पाठ करून बसलेली.

"कोण आहे?"

"मी, शिमा."

"तू? तू तर दार लावून बसलीयस म्हणे. केस विंचरत नाहीस म्हणे. काल हॅरिसन पाण्याचं पिंप घेऊन आला होता, त्यानं सगळं सांगितलं." ती वळली. डोळे लाल होते. "हे शिकवलं मी तुला? स्वतःच्या तोंडानं स्वतःचं वाटोळं मागायचं?"

"मग दुसऱ्या कोणावर ठेवू ते बोलणं? तुझ्यावर?"

मी चूल पेटवायला घेतली. काडी काही पेटेना.

"मग काय म्हणाले ते?" तिनं विचारलं.

"म्हणाले, येणाऱ्या बाईला विचारलेलं नाही. जिच्याकडे ती जाते तिनंच सांगायचं."

"म्हणजे तुझं फुकट गेलं."

"गेलं."

तिनं चुलीत एक काटकी सरकवली. मग हळूच म्हणाली, "ते खरं होतं का गं? आवाज ऐकू येत नाही ते?"

मी हो म्हटलं आणि मला रडू फुटलं. माझ्या घरातला माणूस गेला तेव्हा आमच्यात चार दिवसांनंतर रडायचं नसतं म्हणून आवरलेलं, मुलीच्या फोनवर आवरलेलं, सगळं त्या चुलीपुढं आलं. मला तिथंच राहावंसं वाटत होतं. त्या घरात, त्या बाईची पोरगी होऊन. एवढंच हवं होतं मला, आणि ते मागायला कोणत्याच कागदावर जागा नव्हती. झोनीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या बोटांना लोकरीचा वास येत होता.

"मलाही लागते तुझी वाट," ती म्हणाली. "पहाटेपासून. उगाच बाहेर जाते, लाकडं मोजतेय असं दाखवते कुत्र्याला. धुरळा दिसला की आत पळते, नाहीतर तू म्हणशील म्हातारी वाटच बघत होती."

मग ती सरळ बसली. "आण तो कागद."

"शिमा, नको."

"आण म्हणते ना. तुझी आई आहे मी. असलं ओझं आई पोरीवर टाकत नाही."

मी प्रश्न वाचला. तिनं उघड्या दारातून बाहेर बघितलं. नव्वद वर्षांत न बोललेलं बोलायचं होतं तिला, आणि ती शब्द जुळवत होती. मग एकेक शब्द सावकाश म्हणाली, "लिही. ही आली नाही तर मला इथून नेतील. तिथं माझी भाषा कोणी बोलणार नाही. सकाळी दार उघडलं तर सूर्य कुठं आहे ते कळणार नाही. मेंढ्या नसतील. आणि मी फार दिवस..."

माझी पेन्सिल थांबली.

"लिही."

मी लिहिलं. चौकोनांत मावलं नाही, कडेनं लिहिलं, मागच्या बाजूला लिहिलं. पहिल्या चौकोनात खूण केली. तिनं अंगठा उमटवला. मग उठून तांब्याभर पाणी घेतलं, बाहेर जाऊन खळखळून चूळ भरली, पुन्हा भरली, आणि पदरासारखी शाल तोंडावरून फिरवत आत आली. एकदम थकलेली दिसत होती. एवढी म्हातारी ती मला आधी कधी दिसली नव्हती.

"बोलून बसले मी," ती म्हणाली. "आता ते खोटं पाडायचं काम तुझं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?