विषम आकड्यांचं जहाज

हिल्क्येताईंनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पंधरा टाइल्स एकेक करून टेबलावर मांडल्या. हार्लिंगनमधल्या घराघरांत जाऊन भिंतीतल्या शेकोटीला आतून टाइल्सचं अस्तर लावायचं, हे काम मी चाळीस वर्षं करतोय. पण असली मांडणी जन्मात पाहिली नव्हती. एक टाइल, एक मोकळी जागा, पुन्हा एक टाइल. बुद्धिबळाच्या पटावर नुसत्या काळ्या घरांत कुणी जहाज काढावं, तसं. शिडाचा तुकडा होता, मग टेबलाचं लाकूड, मग झेंड्याचं टोक. एका खलाशाला नुसते पायच होते.

"बाकीचं जहाज कुठंय?" मी विचारलं.

"डाउवेकडे," त्या म्हणाल्या. कॉफीत साखरेऐवजी मीठ पडल्यासारखा चेहरा झाला होता.

डाउवे म्हणजे त्यांचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ. कालव्याच्या पलीकडे राहतो, चालत दहा मिनिटं. एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढलेला नाही. आई गेली तेव्हा घरातल्या सगळ्या वस्तूंची वाटणी झाली. चमचे सहा-सहा, चादरी चार-चार. राहिलं शेकोटीतलं जहाज. पणजोबांनी आपल्या जहाजाचं चित्र तीस टाइल्सवर काढून घेतलं होतं. उभं कापावं, तर झेंडा एकाला जाणार. आडवं कापावं, तर एकाला शिडं आणि दुसऱ्याला नुसतं पाणी. शेवटी आबेमामांना युक्ती सुचली. लावणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून चित्रकार प्रत्येक टाइलच्या पाठीवर आकडा घालतो. मामा म्हणाले, विषम आकडे हिल्क्येचे, सम आकडे डाउवेचे. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं तुटलं. आम्ही फ्रीसलंडची माणसं न्यायाला इतकी पक्की, की जहाज बुडालं तरी चालेल, पण दोघांकडे निम्मं-निम्मं बुडालं पाहिजे.

"वीस दिवसांनी माझी पंचाहत्तरी आहे," हिल्क्येताई म्हणाल्या. "सगळी माणसं इथं गोल करून बसणार, केक खाणार आणि समोर शेकोटी बघणार. तेव्हा मला जहाज तिथं दिसायला हवं. मधल्या जागी पांढऱ्या टाइल्स लाव."

"ताई, ते जहाज नाही दिसणार. खरूज झाल्यासारखं दिसेल."

"तू कारागीर आहेस की सासू? लाव म्हटलं ना!"

 या बाईच्या हट्टाला मी ओळखून आहे. नवरा गेल्यावर गॅसचा हीटर हिनेच काढून टाकला आणि विटांनी बुजवलेली शेकोटी एकटीने हातोडी घेऊन उघडी केली.

मी तीन तऱ्हेच्या पांढऱ्या टाइल्स आणून दाखवल्या. पहिली त्यांनी जहाजाशेजारी धरली आणि म्हणाल्या, "हा दवाखान्यातला पांढरा." दुसरी "दुधात पाणी घातलेला," आणि तिसरी बघून नुसतंच नाक मुरडलं. खरं सांगायचं तर त्यांची नजर चुकत नव्हती. जुन्या टाइल्सचा पांढरा कधी निळसर दिसतो, कधी राखाडी, त्याच्याशेजारी नवं काही खपत नाही. आठवड्याने त्या स्वतःच शेजारच्या गावातल्या टाइल रंगवणाऱ्या बाईकडे गेल्या. आपल्याकडे नसलेल्या पंधरा नव्याने रंगवून दे म्हणाल्या. ती म्हणाली, देते, पण चित्र कुठंय? फोटो कुणाकडेच नव्हता. हिल्क्येताईंनी डोळे मिटून आठवायला सुरुवात केली. खलाशी सातच्या सात आठवले, पण कुठला दोर कुठल्या डोलकाठीला बांधलाय, ते काही आठवेना.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

मी म्हटलं, "मी जातो डाउवेकडे. काहीतरी काम काढतो आणि गुपचूप फोटो घेतो."

"चोरून?" आवाज लगेच मूळ पदावर आला. "माझ्या बापाच्या घरातलं जहाज मी चोरून बघू? उद्या दहाला गाडी काढ. मी येतेय."

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतला निळा कोट घालून गाडीत बसल्या.  डाउवेच्या दाराची घंटा त्यांनी स्वतः वाजवली, आणि एकदा वाजवून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा वाजवली. डाउवेने दार उघडलं. अंगात स्वेटर, पायात नुसते मोजे, हातात अर्धा खाल्लेला पाव.

"काय हवंय?" त्याने विचारलं.

"जहाज बघायचंय."

तो दारातून बाजूला झाला. या किंवा बसा म्हणाला नाही. पण हातातला पाव लपवायला कुठंच जागा सापडत नव्हती, म्हणून शेवटी तो त्याने खिशात घातला.

शेकोटीत आगीमागे लोखंडी पत्रा होता आणि त्याच्या वर जहाज. पूर्ण जहाज! क्षणभर माझाही विश्वास बसेना. मग नीट पाहिलं. सम आकड्यांच्या पंधरा टाइल्स खऱ्या होत्या. मधल्या पंधरा साध्या बाजारी टाइल्स, आणि त्यांच्यावर डाउवेने स्वतः निळ्या रंगाने राहिलेलं जहाज काढलं होतं. चित्रकला म्हणाल, तर शाळेतल्या पोराने लाजावं. लाटा कोबीच्या पानांसारख्या, दोर शेवयांसारखे.

मी वाकून बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"सिमेंट? डाउवे, तुम्ही या टाइल्स सिमेंटमध्ये बसवल्यात? अहो, चुन्यात बसवलेली टाइल शंभर वर्षांनीसुद्धा अख्खी निघते!"

"मी बांधावरचा माणूस," डाउवे म्हणाला. "तीस वर्षं समुद्र अडवलाय सिमेंटने. मला चुना शिकवू नकोस."

"काढता येतील?" हिल्क्येताईंनी मला विचारलं.

"नाही ताई. खऱ्या टाइल्सपैकी एकही धड निघणार नाही. तुकडेच होतील."

म्हणजे त्यांच्या शेकोटीत जहाज कधीच दिसणार नव्हतं. पंचाहत्तरीला नाही, नंतरही नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या मात्र पुढे झाल्या, चष्मा वर केला आणि डाउवेने रंगवलेली एकेक टाइल बघू लागल्या. सुकाणूपाशी येऊन थांबल्या.

"हा खलाशी आहे ना? याला वेण्या कशाला काढल्यास?"

डाउवेने खिडकीबाहेर पाहिलं. "लहानपणी या खलाशांचा खेळ खेळताना तू सुकाणूवरचाच मागायचीस. मला कधी होऊ दिलंस? म्हटलं, तुझी जागा आहे, तुलाच काढावं."

हिल्क्येताई खुर्चीवर बसल्या. कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मी उगाच हत्यारांची पिशवी चाचपत राहिलो. मग त्या उठल्या. चेहरा असा झाला होता की मी ओळखलं, आता या बाईपुढे कुणाचं काही चालायचं नाही.

"सीत्से, याने रंगवलेल्या फोडून काढता येतील? खऱ्यांना धक्का न लावता?"

"येतील. मधून फोडत कडेला यायचं. दोन दिवस लागतील."

"मग काढ. आणि माझ्या पंधरा इथं बसव. चुन्यात."

"कुणाला विचारून?" डाउवे उसळला. "मला तुझे उपकार नकोत!"

"उपकार कोण करतंय रे! मी वाटणी मोडतेय. आबेमामांची अक्कल एकोणीस वर्षं पुरली, आणखी नको. आणि पंचाहत्तरी इथंच होईल. खुर्च्या किती आहेत तुझ्याकडे?"

"सहा," डाउवे म्हणाला, आणि आपण उत्तर दिलं म्हणून स्वतःवरच चिडला.

"माझ्या आठ घेऊन येते."

"मग तुमच्या शेकोटीचं काय?" मी विचारलं.

"नुसता गिलावा कर. मी आता तिथं फारशी बसायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. छिन्नी टेकवायची, हलका ठोका, मधून चुरा काढायचा, मग कडेला यायचं. हिल्क्येताई माझ्या मागे खुर्ची टाकून बसायच्या आणि सांभाळून, सांभाळून म्हणत माझं डोकं उठवायच्या. डाउवे त्यांच्याशी अजून बोलत नव्हता. पण कॉफी दोन पेल्यांऐवजी तीन पेल्यांत येत होती आणि एका पेल्यात न विचारता दूध जास्त असायचं. कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदा टाइल्स बसल्या. शिडं जुळली, दोर आपापल्या डोलकाठ्यांना गेले, झेंडा झाला. राहिली सुकाणूवरची वेण्यांची पोर. मी छिन्नी टेकवली तसा डाउवे मध्ये आला आणि शेकोटीपुढे हात आडवा धरला.

"ही राहू दे," तो म्हणाला. "एवढी एक राहू दे. एकोणीस वर्षं तिच्याशी बोललोय मी."

मी हिल्क्येताईंकडे पाहिलं. शेवटची खरी टाइल त्यांच्या मांडीवर होती. त्या उठल्या आणि भावाचा आडवा धरलेला हात दोन्ही हातांनी खाली केला.

"डाउवे, मी रोज संध्याकाळी इथं येऊन बसणार आहे. मग चित्रातली कशाला हवी तुला?"

डाउवेने मान खाली घातली आणि बाजूला झाला. मी छिन्नी बरोबर मधोमध ठेवली आणि ठोका दिला.