घरचा सर्व्हर

शिंपीणबाईंच्या वेबसाइटवर चारचौघांच्या मापाचं काहीच नव्हतं. एक खांदा उतरलेला, पाठीला पोक आलेलं, ऑपरेशननंतर छातीची एकच बाजू उरलेली, अशा अंगांवर कापड कसं बेतायचं, त्याच्या आकृत्या होत्या. वर्षानुवर्षं बाई थेट साइटवरच आखत आलेल्या, कागदाला हात नाही. बघणारे वाढले तशी साइट धापा टाकायला लागली. आता एखाद्या कंपनीच्या मशीनवर भाड्याने स्वतंत्र जागा, म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर, घेणं भाग होतं.

जाहिराती सगळ्याच कंपन्यांच्या गोड. म्हणून बाईंनी प्रत्येकीला एकच विचारलं, "सगळं उडालं तर परत कुठून आणणार?" एका कंपनीने सांगितलं, प्रत दुसऱ्या शहरातल्या मशीनवर राहते, एखादी फाइल द्या, पुसून परत आणून दाखवतो. बाईंनी साध्या कॉलरची आकृती दिली. तासाभरात ती परत आली. बाईंचं ठरलं.

"ठरलं कसं?" नवरा म्हणाला. "माझा धाकटा भाऊ हाच धंदा करतो, आणि तू परक्याकडे जाणार?"

संध्याकाळी दीर हजर. बाईंनी त्यालाही तेच विचारलं.

"वहिनी, दिराची परीक्षा घेता? रोज बॅकअप होतो, बस्स."

"कुठे होतो, भाऊजी?"

"अगं, पुरे!" नवऱ्याने डोळे वटारले. "घरच्या माणसाची उलटतपासणी करतेस?"

बाईंनी सर्व्हर दिराचा घेतला.

वर्षभराने एका दुपारी साइट उघडेना. दिराचा फोन आला. "वहिनी, मशीन गेलं. बॅकअप होता हो, पण त्याच मशीनवर."

रविवारी नवऱ्याने भावाला जेवायला बोलावलं. "त्याला काही बोलू नकोस, आधीच खचलाय." खचलेल्याने दोनदा वाढून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, नवा सर्व्हर लावून देतो. या वेळी जातीने लक्ष घालतो."

"प्रत कुठे ठेवणार, भाऊजी?"

"झालं हिचं सुरू!" नवऱ्याने ताट सरकवलं.

बाई उठून कॉम्प्युटरपाशी गेल्या. फोनवर सकाळपासून एक निरोप पडून होता: "ताई, साइट कधी सुरू होईल? बहिणीचं छातीचं ऑपरेशन झालंय, घरी येईल तेव्हा अंगात घालायला काही हवं."

त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा धुंडाळला. परक्यांनी पुसून परत आणलेली तेवढी कॉलर सापडली.

"माप पाठवा," त्यांनी लिहिलं. "नव्याने आखावं लागेल."

बाहेरून नवऱ्याची हाक आली, "अगं, त्याला पाणी तरी दे!"