पाठीवरची पट्टी

गेली तीन वर्षं सोतेरोला डोंगर दिसत नव्हता. त्याच्या बायकोला, ओतिलियाला, हे ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे सोतेरोलाही ठाऊक होतं. पण दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. सकाळी चुलीपाशी येर्बाच्या पानांचा कडू काढा एकाच नळीने आळीपाळीने ओढताना ती सहज बोलल्यासारखं करायची, "आज डोंगराने टोपी घातलीय बाई." नाहीतर, "ढग कसे माशासारखे लांबट झालेत." तो नुसता हुंकार भरायचा. मग दरीतले शेळीवाले हवा विचारायला आले की हॅटची कड कपाळावर ओढून, पश्चिमेकडे तोंड करून उभा राहायचा. "परवा पाऊस. वर बर्फ." आणि तसंच व्हायचं.

त्या दरीत लांब, रेशमी केसांच्या शेळ्या पाळतात. त्या दक्षिणेच्या मुलखात वसंत ऑक्टोबरात येतो; थंडी सरली की त्या भादरायच्या आणि करडांसकट चार दिवस चढून वरच्या कुरणांत न्यायच्या. भादरताना पाठीच्या कण्यावर केसांची वीतभर रुंद पट्टी राखतात. वसंतातला बर्फ सांगून येत नाही, तेव्हा जनावराला तेवढंच पांघरूण. पण पट्टी तशीच ठेवून निघालं तर वाटेतल्या काटेरी झुडपांत ते केस जातात. म्हणून हवा पक्की झाली की निघायच्या दिवशी पट्टीही काढतात. हवा पक्की झाली, हे घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने सांगायचं. त्याच्या शब्दाआधी पट्टीला कात्री लावायची नाही.

त्या वर्षी मुलगा आला होता. देल्फोर खाली सपाटीवर तेलाच्या विहिरींवर कामाला होता आणि सहा वर्षांत वर कुरणावर गेला नव्हता. शेजारचा क्लोरिंदो मदतीला होता, त्याला चेष्टेला आयतं गिऱ्हाईक मिळालं.

"अरे, शेळी धरतोयस की नाचायला बोलावतोयस तिला?"

"काका, तुमच्या कात्रीला आधी दात लावून आणा."

"कात्रीचं सोड. त्या शेळीनेच तुला भादरलं असतं, मी नसतो तर!"

ओतिलिया कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. रात्री जेवताना देल्फोर म्हणाला, "आई, माझी आठ दिवसांचीच रजा उरलीय. उद्या निघालो तर वरपर्यंत येतो तुमच्याबरोबर. हवेने घोळ घातला आणि थांबावं लागलं, तर मात्र मला खालूनच परत जावं लागेल."

"उद्याच निघू," ती म्हणाली.

पहाटे ती सरपण आणायला बाहेर पडली. उत्तरेचा वारा वाहत होता, उबदार, गालावर वासराच्या श्वासासारखा. तिने वर पाहिलं. शिखरावर टोपी होती. एक नव्हे, एकावर एक दोन.

लग्नाच्या पहिल्या वर्षी सोतेरोने तिला याच अंगणात सांगितलं होतं. डोंगरापलीकडे समुद्र आहे. वारा तिकडची ओल पोटात घेऊन चढतो. ती ओल दिसत नाही. पण जसा वर जातो तसा गारठतो, आणि थंडीत आपल्या तोंडची वाफ दिसावी तशी ती ओल ढग होऊन दिसायला लागते. टोपी जागची हलत नाही म्हणून फसू नकोस, तो म्हणाला होता. अलीकडे ती विरत असते आणि पलीकडून नवी विणली जात असते. जितकी जाड, तितकी ओल जास्त. त्यात थेंब गोठतात, त्यांचे कण होतात, कणांवर कण बसून बर्फ होतो. खाली ऊब असली तर वाटेत वितळून पाऊस. वसंतात ती सीमा तासातासाला वर-खाली होते. आधी पाऊस आणि मग बर्फ, यासारखं वाईट काही नाही. भिजलेलं जनावर उभ्या उभ्या जातं.

मोळी उचलून ती आत आली. देल्फोर जुने बूट शोधत शीळ घालत होता.

"वारा ऊन आहे गं, म्हातारे," सोतेरो हळूच म्हणाला.

"वसंत आहे. ऊनच असणार."

तो थांबला. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने सरळ विचारलं, "डोंगर?"

"मोकळा आहे," ओतिलिया म्हणाली.

सोतेरोने अंगणात जाऊन शब्द दिला. दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या कापून झाल्या.

दोन दिवस सोन्यासारखे गेले. देल्फोर करडांना खांद्यावर घेऊन चढत होता, लहानपणच्या वाटा ओळखत होता. तिसऱ्या दिवशी उघड्या उतारावर असताना वारा पश्चिमेला फिरला. आधी पाऊस आला. तासाभरात त्याचा बर्फ झाला. आसऱ्याला एकच कडा होता. त्याखाली मावतील तेवढ्या शेळ्या त्यांनी ढकलल्या, घोंगड्या करडांवर टाकल्या. बाकीच्या पाठ वाऱ्याकडे करून उभ्या राहिल्या. मग बसल्या.

सकाळी दोनशे ऐंशीतल्या साठ-सत्तर उठल्या.

सोतेरो गुडघ्यांवर रांगत प्रत्येकीचं शिंग, कान चाचपत होता आणि नाव घेत होता. देल्फोरने त्याला उठवलं. "बाबा, तुमची काय चूक? हवाच ती."

"शब्द माझा होता," सोतेरो म्हणाला. "आता मला कुणी विचारायचं नाही. क्लोरिंदोला सांग. सगळ्यांना सांग."

ओतिलिया ऐकत होती. तिचे ओठ हलले, पण मुलगा समोर होता.

दुसऱ्या दिवशी देल्फोर खाली गेला. जाताना म्हणाला, "आई, आता इथे काय राहिलंय? दोघं माझ्याकडे या." तिने त्याचा गाल कुरवाळला. तो वळणाआड होईपर्यंत दोघं उभी राहिली. सोतेरो बुटांचा आवाज ऐकत, ती बघत.

मग सोतेरो म्हणाला, "एक होती की दोन?"

"दोन."

"एकावर एक?"

"हो."

उरलेल्या शेळ्या बर्फातून डोकावणारं गवत ओरबाडत होत्या.

"पोरासाठी," तो म्हणाला.

"चारच दिवस हवा होता रे मला तो. म्हटलं, टोपीचं सांगण्यात चुकतोस तूही कधीकधी. म्हटलं, या खेपेला चुकशील."

"मी कुठे चुकणार होतो? मी तर तुझंच सांगत होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. त्याने काठी चाचपून घेतली. "चल, कुरण गाठायला हवं. वर काय आहे आता?"

ओतिलियाने मान वर केली. डोंगर टोकापर्यंत उघडा होता. कुठे कापसाच्या बोंडाएवढा ढग नव्हता.

"काही नाही. निरभ्र आहे."

सोतेरोने हॅट काढली, चेहरा वर केला, एक हात पुढे धरून तळवा उघडला, आणि थेंब पडतोय का याची तसाच वाट पाहत उभा राहिला.