तिसऱ्या हाकेला आलेली ओ

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, खरवईपलीकडच्या टेकडीवर एका संस्थानिकाने बांधलेला उन्हाळी महाल आहे. त्याच्या तळघराच्या दाराला मी लटकते.

अलीगढच्या कारागिराने मला घडवले तेव्हा माझा थाट पाहण्यासारखा होता. महालातले नोकर मला रोज पुसत. आता मला कोणी पुसत नाही, दोन्ही अर्थांनी. रविवारी अंबरनाथ-बदलापूरची माणसे येतात, झुंबरे बघतात, बागेतल्या कारंज्यापाशी फोटो काढतात. माझ्याकडे कोण बघणार? राग येतो, खोटे कशाला बोलू!

रखवालदार हिरामण साडेपाचला खोल्या बंद करतो. गेल्या रविवारी तो तळघरात डोकावून ओरडला, "कोन हाय का आत? निघा भायेर!" उत्तर आले नाही. त्याने कडी घातली आणि मला दाबले.

पण आत शिरगावची सात वर्षांची सोनिया होती. लपाछपी खेळताना ती तिथे लपली होती. दाराआडून तिचा श्वास मला लाकडातून जाणवत होता. सोमवारी महाल बंद असतो, म्हणजे मंगळवारपर्यंत दार उघडणार नव्हते. मी घाबरले आणि हट्टाला पेटले. काही केल्या बसेचना.

हिरामण मला दगडाने ठोकत होता, तेवढ्यात सोनियाची आत्या नीलिमा बागेतून धावत आली.

"काका, आमची सोनिया दिसली का? सगळी बाग पालथी घातली हो!"

हिरामणने कडी काढली, दार ढकलून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला अंधारातून "ओ" आली.

"पहिल्यांदाच का नाही बोललीस गं?" आत्या रडतच रागावली.

"आजी बोलते, अशा जागी एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाय. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो."

हिरामणचा चेहरा उतरला. तीस वर्षे तो एकदाच हाक मारून मला लावत आला होता.

त्या दोघी गेल्यावर त्याने आत बॅटरी मारून कोपरान् कोपरा पाहिला. कोणी नव्हते. तरी मनाच्या समाधानासाठी तो तीनदा ओरडला. तिसऱ्या हाकेनंतर आतून, अगदी हळू, लहान मुलाची "ओ" आली.

त्याने मला घाईघाईने दाबले आणि तो पळाला. या वेळी मी मुकाट्याने बसले. याची मला लाज वाटते.

मित्रांनो, कुठलेही दार लावण्यापूर्वी तीनदा हाक मारा. आणि इकडे आलात तर मला दोन थेंब तेल द्या. मी गंजत चालले आहे, आणि आतले मूल रोज साडेपाचला दाराशी येऊन उभे राहते.