साक्षीदाराला काय पाहिजे होतं

“धमकी-बिमकी काही न्हाई,” बशीतला चहा फुर्रकन ओढत रायभान म्हणाला. मंठ्याच्या कोर्टासमोर मुनीरच्या हॉटेलात मोबाइलवर मुंबईची कोर्टाची मालिका चालू होती आणि तिच्यातला एकुलता एक साक्षीदार आज उलटला होता.

रायभान कोर्टात शिपाई. दारात उभं राहून नावं पुकारली की माणसं कळतात, असा त्याचा समज. त्याच्या मते मालिकेतली वकिलीण न्यायासाठी झगडत नव्हती, घरी सासू होती म्हणून कोर्टात रमत होती. जज गुडघा दुखतो म्हणून निकाल झटपट देत होता. सगळे साले मतलबी, असं म्हणून तो पचकन थुंकायचा.

“मंग का उलटला? पैसे खाल्ले?” मुनीरने विचारलं.

“पैसे कशाला? त्याच्या रानात जायची वाट आरोपीच्या बांधा-धुऱ्यावरून असंल. वाट बंद झाली तर कापूस काय डोक्यावर आणावा का?”

“रायभानभाऊ, तो तर विसाव्या मजल्यावर राहून राह्यला. त्याला कशाचं रान?”

सगळे हसले. रायभान मात्र बशीत बघत बसला.

कारण दुपारी त्याचीच साक्ष होती. त्याच्या चुलतभावाने, वसंताने, बांधाच्या भांडणात शेजारच्या रानातल्या चतुराबाईच्या लेकाचा, हरिओमचा पाय कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला. ते रायभानने उघड्या डोळ्यांनी पाहिलं, पोलिसांना सांगितलंही. दुसरं कोणी तिथे नव्हतंच. आणि परवा वसंता गोड हसून म्हणाला होता, “दादा, तुमची गाडी माझ्याच रानातून जाती. ध्यानात असू द्या.”

कोर्टाच्या पायरीवर चतुराबाई लेकाला घेऊन बसली होती. “भाऊ, तुमच्यावरच हाय सगळं,” ती म्हणाली. “तुम्ही कोर्टातले. तुम्हाला कोण भेववंल?”

“बघू, बघू,” म्हणत तो आत सटकला.

साक्षीदार समोर उभा असला तरी त्याचं नाव दारातून तीनदा पुकारलंच पाहिजे, ही साहेबांची शिस्त. दुसरा शिपाई रजेवर. तेव्हा रायभानच दारात गेला आणि ओरडला, “रायभान रामकिसन हाजिर है?” व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या पुकाऱ्याला त्याचा आवाज चिरकला. मग तो स्वतःच आत आला आणि शपथ घेऊन म्हणाला, “म्या काही पाह्यलं न्हाई, साहेब. मी बैलं पाजायला गेल्तो.”

सरकारी वकिलाने त्याला फितूर ठरवून उलटं-सुलटं विचारलं. रायभान बैलांवरून हलला नाही. लाज वाटली त्याला, नाही असं नाही, पण खरं बोलण्याइतकी नाही.

बाहेर आला तर पायरीवर हरिओम मोडका पाय लांब करून बसलेला. रायभान थबकला. “चतुराबाई, माझाबी काही इलाज...”

तिने वर पाहिलं नाही.

“हरिओम, पाय घे,” ती म्हणाली. “साहेबाला जाऊ दे.”

हरिओमने दोन्ही हातांनी पाय उचलला आणि हळूच बाजूला ठेवला.